मुलाच्या शर्टाची शिवण आवळते, चुण्या पडतात: टेन्शनचा स्क्रू फिरवण्याआधी काय काय तपासायचं

मी नागपुरात घरीच शिवण शिकवते. शिकायला येणाऱ्या, आणि नुसतं विचारायला येणाऱ्या बायकांच्या पिशवीतून जे घरी शिवलेले शर्ट निघतात, त्यांत एक तक्रार सगळ्यांत जास्त दिसते: शिवण आवळते. खांद्यावर, बगलेत, बटणपट्टीवर टाक्याच्या रेषेला लागून बारीक बारीक चुण्या पडतात. इस्त्री फिरवली की बसल्यासारख्या वाटतात, लेकराने शर्ट घालून अर्धा तास खेळलं की पुन्हा उठतात. "ताई, इस्त्री केली की बरं दिसते, धुतलं की परत तसंच होते," हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकते. आपल्याकडे शाळा उघडतात जूनच्या शेवटी, त्याच्या पाठोपाठ पोळा आणि तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन निघायचं तर अंगावर नवा शर्ट हवाच, त्यामुळे या दोन-तीन महिन्यांत घरोघरी शिवण निघते आणि ही तक्रारही तेव्हाच वाढते.

बहुतेक जणी सगळ्यात आधी मशीनच्या टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याचा ताण कमी-जास्त करणारा, स्क्रू फिरवतात. माझं ठाम मत आहे की तो स्क्रू शेवटच्या दोन-तीन गोष्टींत यायला हवा. तो हलवून फरक पडला नाही तर मूळ बिघाड तसाच राहतो, वर टेन्शनही जागेवरून गेलेलं असतं, आणि मग कोणतं कारण कुठलं हे कळेनासं होतं. खालच्या तपासण्या सोप्या आणि बिनखर्चाच्यापासून कठीण गोष्टींकडे जातात. त्याच क्रमाने करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

मोठ्या माणसाच्या शर्टात जी चुणी खपून जाते ती मुलाच्या शर्टात का दिसते, हेही सांगते. चार-पाच वर्षांच्या मुलाचा मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतो तो भाग, एवढासा असतो, गोलाई आखूड आणि तीव्र. कापडही आपण मुद्दाम पातळ घेतो, कॅम्ब्रिक नाहीतर पॉपलिन. पातळ कापड आणि तीव्र गोलाई एकत्र आली की शिवणीतली प्रत्येक ओढ वर दिसते. आणि नुसतं दिसण्याचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बगलेतली ती आवळलेली, कडक शिवण लेकराच्या घामेजल्या कातडीवर घासते, लाल चट्टा उठतो, आणि मग ते पोर आईने हौसेने शिवलेला शर्ट घालायलाच मागत नाही.

लक्षणं: चुणी कुठे आहे आणि कधी पडली

शर्ट उजेडात धरा आणि नीट पाहा. चुणी कधी पडली आणि कुठे पडली, या दोन गोष्टींवरून निम्मं निदान होतं.

मशीनवरून काढल्या काढल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना सारख्या चुण्या दिसत असतील, सगळ्या शिवणींवर दिसत असतील, तर कारण दोरा, सुई, टाक्याची लांबी किंवा टेन्शन यांत आहे.

एकच पदर चुरगळलाय, दुसरा सपाट आहे, आणि शिवणीच्या शेवटी एक पदर अर्धा-पाऊण सेंटीमीटर पुढे आलाय, असं असेल तर दोन पदर सारखे सरकले नाहीत. इथे दोष तुमच्या हाताचा, पायाच्या दाबाचा किंवा दात्यांचा. पाय म्हणजे मशीनचा, कापड दाबून धरणारा. दाते म्हणजे त्याच्या खालचे, कापड पुढे सरकवणारे.

शिवताना सगळं छान होतं, पहिल्या धुण्यानंतर चुण्या आल्या, तर कापड, दोरा किंवा बटणपट्टीतलं बुकरम, म्हणजे आतलं कडक अस्तर, आटलंय. यात मशीनचा काहीही संबंध नाही. मशीन खोलूच नका.

फक्त बाहीच्या मुंढ्यात चुण्या आहेत, बाकी शर्ट सपाट आहे, तर कटिंग पाहा. याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कारण सगळ्यांत जास्त शर्ट इथेच अडतात.

बगलेपासून घेरापर्यंत शिवण तिरकी वळत जाते, शर्ट अंगावर फिरल्यासारखा दिसतो, तर कापड उभ्या धाग्यावर, म्हणजे किनारीला समांतर, कापलेलं नाही.

आणि शिवणीच्या सुरुवातीलाच खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होत असेल, तर वरचा दोरा नीट ओवलेला नाही. खालचा दिसतो म्हणून सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या फिरकीला, दोष देतात, पण कारण वरच्या दोऱ्यात असतं.

आधी एक चाचणी, कापडाच्या कतरणीवर

शर्ट उसवायला घेऊ नका. त्याच कापडाची वीतभर कतरण घ्या, दुहेरी करून त्याच दोऱ्याने उभ्या धाग्याला धरून एक सरळ शिवण मारा. चुण्या पडल्या ना? आता रिपरने वरच्या बाजूचा दोरा दर दोन टाक्यांनी कापा. कापड आपोआप सपाट झालं तर दोरा कापडाला ओढून धरत होता. म्हणजे टेन्शन, ताणून भरलेली बॉबिन, आटणारा दोरा, यांपैकी काहीतरी. दोन्ही दोरे पूर्ण काढून टाकले तरी कापडावर लाट तशीच राहिली, तर दोऱ्याचा दोष नाही. जाड सुईने आणि जाड दोऱ्याने घट्ट विणीच्या कापडातले धागे बाजूला ढकलले गेलेत आणि त्यांना परत जागा मिळत नाही. अशा वेळी टेन्शन कितीही फिरवा, चुणी जाणार नाही.

ही चाचणी पाच मिनिटांची आहे. मी कुणाचंही मशीन पाहायच्या आधी ती करायला लावते.

इस्त्री

सगळ्यात स्वस्त उपाय, आणि घरच्या शिवणीत सगळ्यात जास्त टाळला जाणारा. शिवण मारली की ती उघडण्याआधी, जशी शिवली तशीच बंद ठेवून तिच्यावर एकदा इस्त्री दाबायची. मग उघडायची, माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना पाडायची आणि पुन्हा दाबायची. पहिल्या दाबाने टाका कापडात बसतो आणि कापडाचे धागे त्याच्याभोवती जागा करून घेतात. थेट उघडून इस्त्री केली तर शिवणीची ओढ तशीच अडकून राहते.

इस्त्री दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. कपड्यांवर फिरवतो तशी फिरवायची नाही. मुंढा आणि गळा ही तिरक्या धाग्याची जागा आहे, तिथे फिरवलेली इस्त्री कापड ताणते. सुती कापडावर थोडं पाणी शिंपडा. एवढ्याने चुण्या गेल्या आणि धुतल्यावरही आल्या नाहीत, तर पुढे वाचायची गरज नाही.

दोरा पुन्हा ओवा, पाय वर करून

पाय खाली असताना टेन्शनच्या चकत्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. त्या वेळी ओवलेला दोरा दोन चकत्यांच्या मध्ये जातच नाही, वरवर राहतो. मग वरच्या दोऱ्याला ताण नसतो आणि खाली गुंता होतो. पाय वर केला की चकत्या सुटतात. म्हणून: पाय वर, सुई सगळ्यात वर, मग दोरा ओवा. ओवून झाल्यावर पाय खाली करा आणि सुईजवळ दोरा हाताने ओढून पाहा. थोडा अडखळत यायला हवा. सुळकन आला तर पुन्हा ओवा.

सुई

माझ्या अनुभवात इस्त्रीनंतर सर्वांत जास्त शर्ट इथे सुटतात. आपल्याकडे मशीनबरोबर आलेली किंवा दुकानदाराने दिलेली सुई बहुधा १६ नंबरची असते. ती जीन्सला, पडद्याला, पिशवीला ठीक. कॅम्ब्रिकला ११ नंबर हवी, जरा जाड पॉपलिनला ११ किंवा १४. १६ ची सुई पातळ कापडात जे भोक पाडते, त्यात दोन्ही पदरांचे धागे चेपले जातात. वरच्या चाचणीत दोरा काढूनही लाट राहिली असेल, तर पहिला संशय सुईवर घ्या.

नंबर बरोबर असूनही सुई बोथट असू शकते. सुईचं टोक अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढा. ओरखडा उठला किंवा नख अडलं तर टोक वाकलंय, सुई टाकून द्या. शिवताना प्रत्येक टाक्याला टक् टक् असा आवाज येतो तोही बोथट सुईचाच. आठ-दहा तास शिवण झाली की सुई बदलायची सवय ठेवा. अजून एक, खास आपल्या शहरासाठी: उन्हाळ्यात मशीन कुलरच्या झोताखाली ठेवू नका. त्या ओल्या हवेत सुईवर डोळ्यांना न दिसणारा गंज चढतो आणि ती कापडात अडकत अडकत जाते.

बसवताना सुईची लांब खाच ज्या बाजूला असेल त्या बाजूने दोरा ओवायचा, म्हणजे तिची सपाट बाजू शटलकडे, म्हणजे बॉबिनभोवतीच्या फिरत्या भागाकडे, राहते. दांडी गोल असलेल्या सुईला सपाट बाजू नसते, तिथे फक्त खाच पाहा. आणि सुई वर पूर्ण टेकेपर्यंत ढकला. थोडी खाली राहिली तर टाके सुटतात.

दोरा आणि बॉबिन

वर-खाली एकच दोरा वापरा, एकाच जाडीचा. वर पॉलिस्टर आणि खाली घरात पडलेला जुना सुती, असं केलंत तर धुतल्यावर सुती आटतो, पॉलिस्टर आटत नाही, आणि खालची बाजू शिवण ओढून घेते. जुनी रीळ असेल तर हातभर दोरा काढून दोन्ही हातांनी झटका द्या. पटकन तुटला तर शर्टाला लावू नका.

बॉबिन भरण्याची पद्धत कुणी फारशी पाहत नाही. मोटर पूर्ण वेगात सोडून पॉलिस्टर दोरा भरला की तो ताणलेल्या अवस्थेत गुंडाळला जातो. शिवून झाल्यावर तो हळूहळू आपल्या मूळ लांबीवर येतो आणि जाता जाता कापडाला घेऊन जातो. रात्री सपाट दिसलेली शिवण सकाळी आवळलेली दिसते, त्याचं हे कारण. बॉबिन मध्यम वेगाने, एकसारखी, काठोकाठ न भरता भरा. एका बॉबिनवर दुसऱ्या रंगाचा दोरा चढवू नका.

टाक्याची लांबी

पातळ सुती कापडाला अडीच मिलिमीटरचा टाका, म्हणजे इंचाला साधारण दहा टाके. मजबुतीसाठी बारीक टाका मारायची आपल्याकडे सवय आहे, पण इंचाला पंधरा-सोळा टाके म्हणजे तेवढ्याच जागेत दीडपट दोरा आणि दीडपट भोकं. कापडाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. मुलांच्या शर्टाला मजबुती हवी असेल तर बगलेत दुसरी शिवण मारा.

साफसफाई आणि तेल

सुईखालची प्लेट काढा. दात्यांच्या फटीत कापसाचा तंतू आणि धूळ यांची नमद्यासारखी घट्ट वडी साचलेली असते. आपल्याकडच्या उन्हाळी वावटळीनंतर तर नक्कीच. ती असली की दाते पूर्ण वर येत नाहीत आणि खालचा पदर मागे राहतो. जुन्या टूथब्रशने काढा, फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आत जाते. बॉबिन ज्या डबीत बसते त्या बॉबिन केसवरच्या पातळ पट्टीखाली एखादा तंतू अडकला तरी खालच्या दोऱ्याचं टेन्शन बदलतं. तिथे जाड कागदाचा कोपरा घालून ओढा. वरच्या टेन्शनच्या चकत्यांमधूनही, पाय वर करून, दुमडलेला सुती कपडा एकदा फिरवा.

तेल मशीनचंच घाला. खोबरेल तेल घालणारी घरं मी अजूनही पाहते. ते हिवाळ्यात गोठतं, उन्हाळ्यात धूळ धरतं, आणि शेवटी शटल जड चालायला लागतं. टेन्शनच्या चकत्यांना तेलाचा थेंबही लागू देऊ नका. तेल घातल्यावर चिंधीवर हातभर शिवून मग शर्टाला हात लावा.

कापड धुतलं होतं का

पहिल्या धुण्यानंतर चुण्या आलेल्या असतील तर इथूनच सुरुवात करा. मागावर सूत ताणून विणलेलं असतं, वर खळ असते. पहिल्यांदा पाणी लागलं की सूत फुगतं, ताण सुटतो आणि कापड आटतं. साध्या सुती कापडात मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर आटणं नेहमीचं आहे. शिवणीतला पॉलिस्टर दोरा मात्र आटत नाही. कापड आत ओढलं गेलं, दोरा तेवढाच राहिला, की टाक्यांच्या रेषेवर झोळ येणारच.

गांधीबागेतून किंवा इतवारीतून कापड आणलं की आधी एक रात्र साध्या पाण्यात बुडवा, न पिळता सावलीत वाळवा आणि किंचित ओलसर असताना इस्त्री करा. १८७७ साली जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस पिकवणाऱ्या आणि कापड विणणाऱ्या या मुलखात कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावू नये, हे सांगायला शिवणाची बाईच कशाला हवी? तरी आता तयार कपड्यांच्या सवयीने ते मागे पडलंय. "आटणार नाही" असं दुकानदार म्हणाला तरी स्वतः पाहा. कापडावर खडूने नाही, दोऱ्याने वीस सेंटीमीटरचा चौकोन आखा, कारण खडू धुऊन जातो. धुवा, वाळवा, इस्त्री करा, पुन्हा मोजा. वीसचे एकोणीस झाले तर पाच टक्के आटलं. पंचेचाळीस सेंटीमीटर उंचीचा शर्ट सव्वादोन सेंटीमीटरने कमी होणार, म्हणजे वाढत्या मुलाला वर्षभर पुरणारा शर्ट सहा महिन्यांत पोटावर येणार.

बुकरमचंही तेच. कॉलर आणि बटणपट्टीत चिकटवायचं बुकरम घालत असाल आणि धुतल्यावर तिथे फुगे येत असतील, तर एकतर कापड न धुता कापलेलं होतं किंवा बुकरम नीट चिकटलंच नव्हतं. इस्त्री एका जागी दहा-बारा सेकंद दाबून ठेवा, उचला, पुढच्या जागी ठेवा, आणि पूर्ण थंड होईपर्यंत तो तुकडा हलवू नका. गरम असताना उचललं तर चिकटलेलं सुटतं. मुलांच्या रोजच्या शर्टाला मी तर बटणपट्टीत बुकरमऐवजी त्याच कापडाचा एक पदर घालते. मऊ राहतं, फुगे येत नाहीत.

हात आणि पाय

एक पदर पुढे येत असेल तर आधी हात पाहा. शिवताना मागून कापड ओढण्याची सवय खूप जणींना असते, मशीन हळू चालतंय असं वाटतं म्हणून. ओढलेलं कापड ताणलेल्या अवस्थेत शिवलं जातं आणि हात सोडला की आकसतं. उजव्या हाताने कापड फक्त दिशेवर ठेवायचं, पुढे नेण्याचं काम दात्यांचं.

टाचण्या शिवणीला आडव्या लावा, दर पाच-सहा सेंटीमीटरवर, आणि सुई जवळ आली की काढा. टाचणीवरून शिवायचं नाही. मुलाचा शर्ट आहे, तुटलेलं टोक कापडात राहिलं तर काय होईल याचा विचार करा. गोलाई असेल तर टाचण्यांपेक्षा हाताने कच्चा टाका घालून घ्या. दहा मिनिटं जास्त लागतील, उसवण्याचा तास वाचेल.

मग पायाचा दाब. काळ्या मशीनवर डाव्या बाजूला, पायाच्या दांडीच्या डोक्यावर एक गोल खाचखळग्यांचा स्क्रू असतो. तो डावीकडे फिरवला की दाब कमी होतो. पातळ कापडाला कमी दाब हवा. जास्त दाबात वरचा पदर पायाखाली अडतो, खालचा दात्यांनी पुढे जातो. अर्धा फेरा सैल करून कतरणीवर पाहा. दाब इतका कमी नको की कापड डावी-उजवीकडे घसरेल. झिगझॅग मारणारं मशीन असेल तर प्लेटचं भोक आडवं आणि रुंद असतं, पातळ कापड त्यात आत ओढलं जातं. शिवणीखाली पातळ कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

बाहीचा मुंढा

फक्त बाहीत चुण्या असतील तर इंची टेप कडेवर उभा धरा आणि शिवण जिथे येणार त्या रेषेवर मोजा, कापडाच्या काठावर नाही. मायेच्या काठाची लांबी आणि शिवणीच्या रेषेची लांबी गोलाईत वेगळी असते, आणि मुलाच्या एवढ्याशा मुंढ्यात हा फरक सेंटीमीटरने येतो. पुढचा मुंढा अधिक मागचा मुंढा, ही बेरीज एका बाजूला. बाहीची गोलाई दुसऱ्या बाजूला. रोजच्या सैल शर्टात बाही मुंढ्यापेक्षा फार तर एक सेंटीमीटर मोठी असावी. दोन-तीन सेंटीमीटर मोठी निघाली तर ते जास्तीचं कापड जाणार कुठे? चुण्यांत.

याचं कारण बहुधा असं की कागदी कटिंग मोठ्यांच्या शर्टावरून किंवा ब्लाउजवरून लहान केलेलं असतं. ब्लाउजच्या बाहीला उंच गोलाई लागते, शर्टाच्या बाहीला पसरट. गोलाईची उंची एक-दीड सेंटीमीटरने कमी करा, पुन्हा मोजा. बाही पसरट झाली की मुलाला हात वर करायलाही मोकळं वाटतं, झाडावर चढताना बगल फाटत नाही.

दुसरं म्हणजे क्रम. खांदा जोडला की लगेच, बगल शिवायच्या आधी, शर्ट उघडा सपाट असतानाच बाही लावा. मग बाहीच्या टोकापासून बगलेतून घेरापर्यंत एकच लांब शिवण घाला. बंद मुंढ्यात बंद बाही बसवणं लहान मापात फार अवघड जातं आणि रोजच्या शर्टाला त्याची गरजही नाही. बाही खाली, दात्यांकडे ठेवा, अंगाचा भाग वर. बाहीतलं थोडं जास्तीचं कापड दाते स्वतःच सामावून घेतात. माया एक सेंटीमीटरपेक्षा जास्त ठेवली असेल तर ती छाटा, आणि मुंढ्याच्या खोल भागात मायेला दोन-तीन बारीक काप द्या, टाक्यापासून दोन मिलिमीटर अलीकडे थांबून.

शर्ट आधीच शिवून झाला असेल तर पूर्ण बाही काढायची गरज नाही. गोलाईचा वरचा अर्धा भाग उसवा, बाहीचा काठ किंचित छाटून पुन्हा कच्चं करा.

शिवण तिरकी वळणारा शर्ट मात्र दुरुस्त होत नाही. कापड उभ्या धाग्यावर न ठेवता कापलेलं असतं, ते धुतल्यावर आपल्या दिशेला जाणारच. तो घरात घालायला ठेवा आणि पुढच्या वेळी किनार समांतर ठेवून कापा.

आता टेन्शन

वरचं सगळं झालं आणि कतरणीवर चुण्या अजूनही आहेत, आणि दोरा कापल्यावर त्या जात आहेत, तरच. वर एका रंगाचा, खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घाला. कतरण उरेब धरून, म्हणजे तिरक्या धाग्यावर, दुहेरी शिवा. वरून खालचा रंग टिपक्यांसारखा दिसला तर वरचा दोरा घट्ट आहे किंवा खालचा सैल. खालून वरचा रंग दिसला तर उलट. आता शिवण दोन्ही हातांनी धरून झटक्यात ओढा. जो दोरा तुटला तो जास्त घट्ट.

आधी फक्त वरचा स्क्रू, पाव फेरा, आणि पुन्हा कतरण. सुरुवातीला तो कुठे होता त्यावर पेन्सिलने खूण करून ठेवा. वरचा सैल करूनही दोन्ही बाजू घट्टच राहिल्या तर बॉबिन केस पाहा. केसमध्ये बॉबिन घालून दोरा धरून केस लोंबकळत ठेवा. स्वतःच्या वजनाने घसरत खाली गेली तर सैल आहे. हलका झटका दिल्यावर थोडी उतरून थांबली तर बरोबर. झटका देऊनही हललीच नाही तर घट्ट आहे. तिचा बारीक स्क्रू घड्याळातल्या पाच मिनिटांएवढाच फिरवा, त्याहून जास्त नाही. तो स्क्रू निसटून पडला तर सापडत नाही, म्हणून खाली पांढरा कपडा अंथरून बसा.

इथे थांबा, मिस्त्रीला बोलवा

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, मोटरमधून जळका वास आला किंवा पायाखालचं पॅडल गरम लागलं, तर पहिल्या क्षणी बटण बंद करून प्लग काढा. त्या मशीनवर एक टाकाही मारू नका, आणि मोटर घरी उघडू नका. पावसाळ्यात फरशी ओली असताना तर अजिबात नाही. घरात लहान मूल असेल तर मिस्त्री येईपर्यंत वायर गुंडाळून वर ठेवा.

सुई प्लेटवर किंवा शटलवर आपटते, नवी सुई घालूनही टाके सुटतात, चाक हाताने फिरवताना एकाच जागी अडतं, अशी लक्षणं असतील तर शटलचा टायमिंग, म्हणजे सुई आणि शटल यांची वेळेची जुळणी, हललाय. तो बसवायला सवयीचा हात लागतो. स्क्रू सैल करून अंदाजाने लावायला गेलात तर शटलला खरचटा पडतो, मग टायमिंगबरोबर शटलही बदलावं लागतं. दाते झिजून गुळगुळीत झाले असतील, बोट फिरवल्यावर टोचत नसतील, तेही त्याचंच काम. प्लेटच्या भोकाला सुईने पडलेली धार असेल तर दोरा तिथे तुटत राहतो, ती घासून किंवा बदलून मिळते.

आणि टेन्शनची चाचणी तीन-चार वेळा करूनही निकाल दर वेळी वेगळा येत असेल, तर टेन्शनची स्प्रिंग गेली आहे. तिथे थांबा. फिरवत राहून काही मिळणार नाही.

दुकानात मशीन नेताना किंवा मिस्त्री घरी येणार असेल तेव्हा तीन गोष्टी तयार ठेवा: ज्या कापडाचा शर्ट शिवताय त्याची चुण्या पडलेली कतरण, तोच दोरा, आणि तुमची स्वतःची बॉबिन केस बॉबिनसकट. मिस्त्री बहुधा स्वतःजवळच्या जाड कापडावर शिवून दाखवतात, आणि जाड कापडावर ही चुणी दिसत नाही. तुमच्या कॅम्ब्रिकवर, ११ च्या सुईने, त्यांच्या समोर वीतभर शिवून पाहा आणि मगच पैसे द्या.